एक वाव पाणी

कप्तान खरं म्हणजे कप्तान नव्हते. मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी टग बोट असते, तिचं चाक त्यांनी उमेदीची सगळी वर्षं धरलं होतं, आणि टगेवरच्या माणसाने स्वतःला कप्तान म्हणवून घेतलं तर कोणी हरकत घेत नाही. निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, पत्ते कुटतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. कप्तानांनी अंगणात बोट बांधायला घेतली. सूनबाईला हे तिसऱ्यापेक्षा बरं वाटलं.

बोट झाली चांगली. लाकडी, पुढे निमुळती, मागे पूर्वी विहिरीवर पंप ओढणारं एक डिझेल इंजिन. दिवे, भोंगा, बॅटरीची पेटी, सगळं घरी जुळवलेलं. पण बोट पाण्यात पडली त्या सुमाराला कप्तानांचे डोळे जायला लागले. मधलं दिसेना, कडेचं दिसायचं. समोर माणूस उभा असेल तर त्याचे कान दिसत, चेहरा नाही. डॉक्टर म्हणाले, याला इलाज नाही, पण आहे तेवढं बराच काळ टिकेल. कप्तानांनी यातलं दुसरं वाक्य तेवढं ऐकलं.

चाक धरायला आपल्याला काही अडचण नाही, किनारे कडेलाच असतात, असं त्यांचं म्हणणं होतं. अडचण तळाची होती. पाण्याच्या रंगावरून खोली ओळखायची त्यांची सवय, ती आता उपयोगाची राहिली नाही. एकदा खाडीच्या तोंडाशी बोट वाळूवर चढली आणि भरती येईपर्यंत ते तिथेच बसून राहिले. घरी येऊन म्हणाले, मासे धरत होतो. गळाची काठी घरात दाराच्या मागे उभी होती. तिच्याकडे सगळ्यांनी एकदा पाहिलं.

बातमी सूनबाईच्या नणंदेपर्यंत, म्हणजे कप्तानांच्या मुलीपर्यंत गेली. नणंद मोठ्या इस्पितळात मेट्रन होती. तिच्या वॉर्डात माणसं आजारीसुद्धा शिस्तीत पडतात, असं तिचा भाऊ म्हणायचा, पण तिच्या माघारी. ती सुट्टीच्या दिवशी आली, पर्स मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, बोट विकायची. एक सुतार घ्यायला तयार आहे."

कप्तान खिडकीकडे बघत राहिले. ते कशाकडे बघत असतील ते आता सांगता येत नसे.

"बाबा, मी तुमच्याशी बोलतेय."

"ऐकतोय."

"तुम्ही ऐकता कुठे? ऐकून घेता फक्त."

हे खरं होतं. कप्तानांचे कान मात्र शाबूत होते, जरा जास्तच. वरच्या मजल्यावर कोणी कुजबुजलं तरी खालून उत्तर यायचं. सूनबाई चहा घेऊन आली होती, तिने कप ठेवता ठेवता म्हटलं, "बाबांना तळ दिसत नाही, पण आकडा ऐकू येईल ना. खोली बोलून दाखवणारं काहीतरी केलं तर?"

तिचा नवरा म्हणाला, "तू यात पडू नकोस." तो गेली काही वर्षं या घरात कशातच न पडून सुखी होता.

पण सूनबाई पडली. ती वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात होती. सोनाराच्या नाजूक काट्यापासून ट्रक उभा राहतो त्या काट्यापर्यंत सगळं तिच्या हाताखालून जायचं. हल्लीचा काटा वजन नुसतं दाखवत नाही, तारेवरून पलीकडच्या छपाईयंत्राला किंवा कॉम्प्युटरला कळवतो. ही तारेवरची बोलणी बिघडली की सूनबाईला बोलावत. काट्याचं वजन तारेतून जातं, तर पाण्याची खोली का जाणार नाही, इतका साधा तिचा हिशेब होता.

बोलाचाली होऊन ठरलं ते असं: सूनबाईने यंत्र बसवायचं. मग कप्तानांनी खाडीच्या तोंडापर्यंत बोट न्यायची, तिथे घंटा बांधून तरंगत ठेवलेल्या बोयाला वळसा घालून परत आणायची. नणंद बोटीत बसणार. तळ टेकला तर सुताराला निरोप जाणार.

"आणि नाही टेकला तर?" कप्तानांनी विचारलं.

"तर पुढचं पुढे बघू," नणंद म्हणाली. तिला ओळखणाऱ्यांना हे बरंच झालं.

खोली मोजायचं यंत्र भंगारात निघालेल्या एका मासेमारी जहाजावरचं मिळालं. ते तळाशी आवाज सोडतं, परत यायला किती वेळ लागला ते मोजतं आणि खोलीचा आकडा तारेवर टाकतं. खोली मोजायचं यंत्र आणलंय असं कळल्यावर शेजारीण येऊन विचारून गेली, घर विकताय का म्हणून.

दुसऱ्या टोकाला बोलणारी पेटी. ती सूनबाईने घरीच जुळवली: एक छोटं सर्किट, एक स्पीकर, आणि तिने स्वतःच्या आवाजात भरलेले आकडे. आता यंत्र या बाजूला, पेटी त्या बाजूला, मध्ये तार. इथे गाडं अडलं.

जेवणाच्या टेबलावर तिने सगळं मांडलं होतं. कप्तान समोर बसून हाताने एकेक वस्तू चाचपत होते.

"दोघांची भाषा एकच आहे, बाबा," ती म्हणाली. "अक्षरं तीच, वेगही तोच. बोलायची ढब वेगळी. जहाजावरचं यंत्र दोन तारांवर बोलतं. एक वर गेली की दुसरी खाली. ऐकणाऱ्याने दोघींतला फरक बघायचा."

"म्हणजे आपल्या घरासारखं."

"आमचे काटे एकाच तारेवर बोलतात, पण मोठ्याने आणि उलटं. ‘हो’ म्हणायचं तर खाली जातात, ‘नाही’ म्हणायचं तर वर. आणि ही माझी पेटी नाजूक. तिला हळू आणि सुलटं लागतं. मोठ्याने बोललं तर जळते."

"मग मध्ये दुभाष्या घाल."

"तोच घालतेय."

कारखान्यातून तिने काट्यांसाठी वापरतात तो दुभाष्या आणला होता. बोटभर लांबीची चिप. मोठा आवाज घ्यायची, लहान करून, उलटा करून पुढे द्यायची. यंत्राच्या दोन तारांतली एक तिने या चिपला जोडली, बटण दाबलं, आणि पेटी तिच्याच आवाजात म्हणाली, "सतरा. सतरा. सतरा." यंत्राचं बूड त्या वेळी पाण्याच्या बादलीत होतं.

"बादली मोठी आहे," कप्तान म्हणाले.

सूनबाईने दोन्ही तारांकडे पाहिलं. एक पांढरी, एक निळी, आणि कुठली वर जाणारी ते जहाज मोडणाऱ्यांनी सांगितलं नव्हतं. तिने पांढरी काढून निळी जोडली. पेटी म्हणाली, "शून्य. शून्य." बादलीच्या मानाने हे पटण्यासारखं होतं.

यंत्र एका ओळीत तीच खोली तीन मापांत पाठवायचं, आधी फूट, मग मीटर, मग वाव. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत होतं ते, साधारण सहा फूट. जुन्या काळी खलाशी दोरीला शिसं बांधून खोली मोजत, तेव्हाचं माप. सूनबाईने मधला आकडा उचलला. कारखान्यात सगळं किलो आणि मीटरमध्ये चालायचं. बाकीच्या दोन मापांशी तिचा संबंध शाळेत आला होता, तोही परीक्षेपुरता.

"आकड्याच्या पुढे काय म्हणू?" तिने विचारलं. "‘खोली अमुक मीटर’ असं—"

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत कप्तानांनी हात वर केला. "शेपूट नको. चाकावर असताना गप्पा ऐकायला वेळ नसतो. नुसता आकडा."

तिने नुसता आकडा ठेवला.

टेबलावर सगळं सुरळीत चाललं, पण बोटीत चालेना. पेटी बसवली, कप्तानांनी इंजिनाला किल्ली मारली, आणि पेटी "ती—" एवढंच म्हणून गप्प झाली. चिपच्या पोटातून बारीक धूर निघाला. कप्तानांना तो दिसला नाही, पण वास आला.

"काय जळलं?"

"दुभाष्या."

इंजिन चालू होताना बॅटरीला जो हिसका बसतो, तो यंत्राच्या तारेतून सरळ पेटीत उतरत होता. काट्यांना इंजिन नसतं, त्यामुळे सूनबाईला हा प्रसंग कधी आला नव्हता. तिने दुसरी चिप लावली, तीही गेली. मग ती दोन दिवस कारखान्यात कोणाशी फारसं बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी येताना एक वेगळाच भाग घेऊन आली, करदोड्याच्या मण्याएवढा, काळा, चार पायांचा.

"याच्या आत एक दिवा आहे आणि एक डोळा," तिने कप्तानांच्या तळहातावर तो ठेवला. "यंत्राच्या दोन्ही तारा दिव्याला. यंत्र बोललं की दिवा लुकलुकतो. डोळा ते बघतो आणि पेटीला सांगतो. मध्ये तारच नाही. इंजिनाने कितीही हिसके दिले तरी इकडे काही येत नाही."

कप्तानांनी तो भाग बोटांत फिरवला. "डोळा बिघडला तर?"

"बदलायचा."

"बरंय त्याचं," ते म्हणाले, आणि भाग तिला परत दिला.

दिवा आणि डोळा बसवल्यावर पेटी इंजिन चालू असतानाही बोलू लागली. धक्क्याच्या टोकाशी बोट उभी करून त्यांनी चाचणी घेतली. पेटी म्हणाली, "चार."

कप्तानांनी मान कलती केली. "चार?"

"चार," पेटी पुन्हा म्हणाली.

"गाळ काढलेला दिसतोय," कप्तान म्हणाले. "माझ्या वेळेला इथे इतकं पाणी नव्हतं." सूनबाईला वाटलं, ते बंदराच्या कारभाराचं कौतुक करताहेत. तसं ते कधी करत नसत, म्हणून ती खूश झाली.

ठरल्या दिवशी नणंद इस्त्रीचे कपडे घालून आली. नवरा धक्क्यावर दुर्बीण घेऊन उभा राहिला. ग्लासातलं पाणी हललं तरी याला मळमळतं, असं कप्तान त्याच्याबद्दल सांगत. पाणी उतरत होतं, ओहोटी लागून फार वेळ झाला नव्हता. कप्तान चाकाशी, पेटी त्यांच्या कानाशी, सूनबाई पेटीशी आणि नणंद मागच्या बाकावर, पर्स मांडीवर.

खाडीतून जाताना सगळं इतकं नीट चाललं की बोलायला कोणाला विषय उरला नाही. पेटी "पाच" म्हणाली, "साडेचार" म्हणाली, पुन्हा "पाच" म्हणाली. उजवीकडे पाणी उथळ झालं की आकडा उतरे आणि कप्तान चाक डावीकडे घेत. बोयाची घंटा ऐकू येऊ लागली तसे ते तिच्या रोखाने वळले. नणंदेने एकदा आपल्या वडिलांच्या पाठीकडे आणि एकदा पेटीकडे पाहिलं. बाबांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून दिशा बदललेली तिने जन्मात पहिल्यांदा पाहिली होती, आणि सांगणारी वहिनी होती.

तोंडाशी पेटी म्हणाली, "तीन." मग "दोन."

"चांगलंय," कप्तान म्हणाले.

"दीड."

सूनबाईने कप्तानांकडे पाहिलं. बोटीला कमरेएवढं पाणी तरी लागतं, हे तिला माहीत होतं. दीड मीटर म्हणजे अजून हरकत नाही, पण जवळच आलं. कप्तानांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांना इथली इंच न् इंच जागा पाठ आहे, त्यांनी काही विचार केलाच असेल, असं तिने मनाशी म्हटलं.

"एक," पेटी म्हणाली.

"बाबा, एक," सूनबाई म्हणाली.

"ऐकलं. भरपूर आहे."

मग बोटीच्या खालून खसखस असा आवाज आला, कोणीतरी मोठा कागद चुरगळावा तसा. बोट थांबली. इंजिन चालत राहिलं, पाणी मागे उसळत राहिलं, पण किनारा जिथे होता तिथेच राहिला. कप्तानांनी इंजिन उलटं फिरवून पाहिलं. बोट जरा डाव्या अंगाला कलली आणि वाळूत आरामात बसली. त्यांनी इंजिन बंद केलं. यंत्राचं बूड वाळूत रुतलं होतं.

"शून्य," पेटी म्हणाली.

नणंदेचा फोन वाजला. धक्क्यावरून तिचा भाऊ होता.

"का थांबलात?"

"पाणी संपलं," नणंद म्हणाली.

"तुम्ही तिरके दिसताय."

"तिरकेच आहोत." तिने फोन पर्समध्ये ठेवला.

"शून्य," पेटी म्हणाली.

कप्तान चाकावर हात ठेवून उभे होते. ते चिडले असते तर सूनबाईला बरं वाटलं असतं. ते हळू म्हणाले, "एक वाव पाणी होतं. तुझ्याच तोंडून ऐकलं मी. एक वाव म्हणजे सहा फूट. या बोटीला त्याच्या निम्मं पुरतं."

सूनबाईने पेटीवर हात ठेवला. "एक मीटर, बाबा."

"काय?"

"पेटी मीटर सांगते. वाव नाही. मी मीटरचा आकडा घेतलाय."

कप्तान वळले. त्यांनी जरा तिरकं, तिच्या कानाच्या बाजूला पाहिलं, म्हणजे तिचा चेहरा त्यांना दिसावा म्हणून. "म्हणजे धक्क्याशी चार म्हणाली ते चार मीटर?"

"हो."

"गाळ काढलेला नाही."

"नसावा."

कप्तान बाकावर बसले. "मीटर," ते म्हणाले, जणू लांबच्या एखाद्या नातेवाइकाचं नाव आठवताहेत. "आम्ही टगेवर कधी मीटर वापरलाच नाही."

"चूक माझी आहे, ताई," सूनबाई नणंदेला म्हणाली. "बाबांची नाही. तारा जुळवल्या, चिपा जाळल्या, सगळं केलं, आणि माप कोणतं ते विचारायचं राहिलं."

"शेपूट नको असं मीच म्हणालो होतो," कप्तान म्हणाले.

"शून्य," पेटी म्हणाली.

"ते आधी बंद कर," नणंद म्हणाली.

सूनबाईने बटण बंद केलं. पाणी अजून उतरत होतं. थोड्या वेळाने बोटीच्या भोवती ओली वाळू दिसू लागली आणि एक पक्षी येऊन अगदी जवळ चोच मारत फिरू लागला. थर्मासमधला चहा तिघांत वाटून झाला. बोट कललेली असल्यामुळे सगळे डाव्या बाजूला घसरत होते आणि दर थोड्या वेळाने मुकाट्याने वर सरकून बसत होते.

नणंदच पहिल्यांदा बोलली. "आमच्याकडे आकड्यापुढे माप लिहिलं नाही तर त्या नर्सला मी वॉर्डात उभी करत नाही. ‘पाच दिलं’ म्हणे. पाच काय? थेंब, चमचे, बाटल्या? एकदा एकीने असंच नुसतं पाच लिहिलं होतं."

"मग?" सूनबाईने विचारलं.

"माणूस वाचला. बाई अजून नोकरीवर आहे. आता ती सही करतानासुद्धा माप लिहील असं वाटतं." तिने रिकामा कप पुसून पर्समध्ये टाकला. हा आपला कप नाही हे तिच्या लक्षात आलं नाही. "ही चूक हुशार माणसंच करतात, वहिनी. बावळट माणूस दोनदा विचारतो."

सूनबाईला हे कौतुक की खरडपट्टी ते ठरवता आलं नाही, म्हणून तिने मान हलवली.

"सुताराला कधी कळवतेस?" कप्तानांनी विचारलं. त्यांनी ते इतकं सहज विचारलं की दोघींनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

नणंद पक्ष्याकडे बघत होती. पक्षी एक वळसा घालून परत आला. "बाबा, डाव्या-उजव्या बाजूला तुम्ही मघाशी वळत होता, ते पेटीचं ऐकून?"

"मग काय मनाने?"

"आणि ‘एक’ म्हणाल्यावर पुढे गेलात, तेही ऐकूनच."

"ऐकूनच."

"म्हणजे तुम्ही जसं ऐकलंत तसंच केलंत," नणंद म्हणाली. "मला वाटलं होतं, पेटी बडबडेल आणि तुम्ही आपलंच घोडं दामटाल. ते पाहायला मी आले होते." ती पुन्हा वर सरकून बसली. "एकट्याने जायचं नाही. वहिनी किंवा मी, कोणीतरी बरोबर. आणि पेटीने माप सांगायचं. दर वेळी."

"लांबड होईल," कप्तान म्हणाले.

"बाबा."

"होऊ दे."

भरती आली तसं पाणी आधी वाळूवर पसरलं, मग बोटीच्या खाली शिरलं, आणि एका धक्क्यासरशी बोट सरळ झाली. सूनबाईने पेटी चालू केली. परतताना पेटीने "एक" म्हटलं की सूनबाई मागून "मीटर" म्हणायची आणि कप्तान मनातल्या मनात निम्मं करून चाक वळवायचे. धक्क्यावर नवरा तसाच उभा होता. दुर्बिणीने त्याच्या डोळ्यांभोवती दोन वर्तुळं उमटली होती. "झालं का?" एवढंच त्याने विचारलं. झालं, असं त्याला सांगण्यात आलं.

त्या आठवड्यात सूनबाईने पेटीचं पोट पुन्हा उघडलं. मीटरचा आकडा सोडून त्याच ओळीतला तिसरा, वावेचा आकडा घेतला. कप्तानांना मीटर शिकवावा असं नवऱ्याने सुचवलं होतं, पण आयुष्यभर हात पसरून पाणी मोजलेल्या माणसाला आता फूटपट्टी दाखवण्यात तिला अर्थ वाटला नाही. अर्धी वाव, पाव वाव, हे बारीक आकडे तिने नव्याने भरले. ते भरता भरता तिचा घसा बसला, आणि ‘वाव’ हा शब्द भरायचा राहिला. नेमकी नणंद आलेली होती. "द्या इकडे," म्हणून तिने माइक घेतला आणि वॉर्डात हाक मारतात त्या आवाजात एकदाच म्हणाली, "वाव." दुसऱ्यांदा म्हणायची गरज पडली नाही.

आता बोट निघाली की पेटीतून आधी सूनबाई बोलते आणि तिच्या मागोमाग नणंद. "तीन," "वाव." "अडीच," "वाव." कप्तान दोघींचं ऐकून चाक फिरवतात. सूनबाई शेजारी उभी राहून हळूहळू चाक धरायला शिकते आहे. बोयाला वळसा घालून परतताना एकदा टग जवळून गेली. तिचा हल्लीचा चालक कप्तानांच्या हाताखाली शिकलेला. तो कठड्यावर वाकून बराच वेळ ऐकत राहिला.

"कप्तान, आत कोण बोलतंय?"

"घरचीच माणसं आहेत," कप्तान म्हणाले, आणि पेटीने पुढचा आकडा सांगितला तशी त्यांनी बोट जरा डावीकडे घेतली.